नागपूरच्या उन्हाळ्यातला गेमिंग पीसी आणि ३२ इंची ओएलईडी: दहा महिन्यांनंतर

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, टपाल खात्यात होते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांनी विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगाव विमानतळावर यायची, आपापसांत थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. आजोबा त्या थैल्यांच्या कामावर. रात्री दहाला सायकल काढून निघायचे, असं आई अजून सांगते. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, वय सत्तेचाळीस, आणि गेली सहा वर्षं संगणकातल्या फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उडवते. बहुतेक वेळा रात्रीच, आणि बहुतेक वेळा जुनं डाकोटा, डीसी-३.

हे सगळं आधी सांगितलं, कारण साडेतीन लाखांच्या आतबाहेरचा संगणक घ्यायचा म्हटल्यावर प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, "ग्राफिक्स कार्ड कोणतं?" मी सुरुवात दुसऱ्या टोकाने केली. आधी स्क्रीन ठरवली. दहा महिने वापरून झाल्यावर आज कुणी विचारलं तर मी हेच सांगते. तुम्ही काय बघणार, किती लांबून बघणार आणि कसल्या उजेडात बघणार, हे एकदा ठरलं की कार्ड, प्रोसेसर, पॉवर सप्लाय आपोआप रांगेत येतात. उलट केलं तर सव्वा लाखाचं कार्ड पंधरा हजारांच्या पडद्याला जोडलेली घरं मी पाहिली आहेत.

माझ्याकडे २४ इंची आयपीएस (एलसीडीचाच एक प्रकार) मॉनिटर होता. दिवसा त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण रात्री सातपुड्यावरून उडताना खाली जंगल आणि वर आकाश, दोन्ही राखाडी दिसायचं. कोपऱ्यांत तर पिवळट झाक यायची. एलसीडीत मागचा दिवा कायम पेटलेला असतो आणि पुढचे स्फटिक तो अडवायचा प्रयत्न करतात. साध्या आयपीएसमध्ये काळा रंग पांढऱ्याच्या हजाराव्या हिश्शापेक्षा फारसा खाली जात नाही. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो. तो विझला की तिथे काहीच उरत नाही. मला हा काळोख हवा होता. दूरवर एका गावाचे सात-आठ दिवे आणि भोवती काही नाही, असं.

घरात दुसरा उमेदवार होता. माझा भाचा इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो आणि काउंटर-स्ट्राइक २ हा गोळीबाराचा खेळ खेळतो. त्याचं म्हणणं साधं होतं: "आत्या, फोर-के तुला ठेव, मला फक्त हर्ट्झ पाहिजे." फोर-के म्हणजे जास्त ठिपक्यांचं, बारीक चित्र. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते. त्यालाही कारण आहे. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, २४० ला ४.२, आणि ४८० ला जेमतेम २.१. कोपऱ्यावरून माणूस डोकावतो तेव्हा हा फरक डोळ्याला कळतो. मी स्वतः बसून पाहिलं, मला सुद्धा कळला.

त्यामुळे आमची निवड २७ इंची १४४०पी (म्हणजे फोर-केपेक्षा कमी ठिपके) ३६० हर्ट्झ की ३२ इंची फोर-के २४० हर्ट्झ यात अडकली होती. त्यातून सोडवलं एलजीच्या ३२ इंची अल्ट्रागिअर ओएलईडीने. त्यात दोन मोड आहेत: फोर-के २४० हर्ट्झ, आणि एक बटण दाबलं की १०८०पी (त्याहूनही कमी ठिपके) ४८० हर्ट्झ. पण खरा निर्णय या बटणावर झाला नाही. तो दुकानातल्या ट्यूबलाइटवर झाला.

मुंबईला परीक्षेच्या कामासाठी गेले होते तेव्हा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, संगणकाच्या सामानाच्या बाजारात, अख्खी दुपार घालवली. पेनड्राइव्हवर माझ्याच रात्रीच्या उड्डाणाचं रेकॉर्डिंग नेलं होतं. दुकानांत लावलेले डेमो व्हिडिओ फुलांचे, पोपटांचे, रंगीत तेलाच्या थेंबांचे असतात. त्यांवर कुठलाही पडदा छान दिसतो. एका दुकानात शेजारी शेजारी दोन प्रकारचे ओएलईडी होते, एक क्यूडी-ओएलईडी आणि एक एलजीचा डब्ल्यूओएलईडी. मी माझं रेकॉर्डिंग दोन्हींवर लावायला सांगितलं. वरचे दिवे चालू असताना क्यूडी-ओएलईडीचा काळा थोडा जांभळट राखाडी दिसत होता, वांग्याच्या सालीवर उजेड पडावा तसा. त्या पॅनलला पुढे पोलरायझर (बाहेरचा उजेड अडवणारा थर) नसतो, त्यामुळे खोलीतला उजेड आत जाऊन परत बाहेर येतो. एलजीचा मॅट पडदा मात्र काळाच राहिला. मग मी दुकानदाराला विचारलं, "भाऊ, दोन मिनिटं वरची ट्यूब बंद करता का?" त्याने केली. अंधारात निकाल उलटला. आता क्यूडी-ओएलईडी तितकाच काळा होता, आणि धावपट्टीचे लाल-हिरवे दिवे त्यावर जास्त रसरशीत दिसत होते.

म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसणाऱ्याने क्यूडी-ओएलईडी घ्यावा, हे मी मोकळ्या मनाने सांगते. पण माझ्या खोलीत अंधार होत नाही. आईला रात्री झोप कमी, ती तिथेच पलंगावर पोथी घेऊन बसते आणि तिला ट्यूबलाइट लागतो. मी एलजी घेतला. पडला १,०८,०००. आणखी एक हिशेब तेव्हा होता: ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्यावर २८. म्हणून ३४ इंची रुंद पडदा मी यादीतून काढला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरही १८ टक्केच झाला, तेव्हा आता घेणाऱ्याला ही अडचण नाही.

मग कार्ड. फोर-के म्हटल्यावर भाच्याच्या मित्रांनी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० पासून सुरुवात केली. त्याची तेव्हाची जाहीर किंमत २,१४,००० आणि वीज ५७५ वॅट. नागपुरात एप्रिलमध्ये पारा ४४ ला टेकतो. ५७५ वॅट म्हणजे हिवाळ्यात लावायच्या हीटरच्या अर्ध्याहून जास्त उष्णता, तीही बंद खोलीत. तो विषय तिथेच संपला. राहिले त्याच मालिकेतले ५०८० आणि ५०७० टीआय. दोघांवर १६ जीबी मेमरी, दोघांचा मेमरी बस २५६ बिटचा. ५०८० ला ३६० वॅट लागतात, ५०७० टीआयला ३००. वेगात ५०८० पुढे आहे, पण मला मिळालेल्या भावांत तफावत ३६,००० ची होती. ते ३६,००० मी मॉनिटरकडे वळवले. ५०७० टीआय मला ८६,००० ला मिळालं (जाहीर किंमत ८०,००० होती, त्या भावात एप्रिलमध्ये कुणीच देत नव्हतं).

कार्ड घेतानाचा एक अनुभव लिहिलाच पाहिजे. सीताबर्डीवरच्या एका दुकानात कार्ड होतं, पण ते म्हणाले, "मॅडम, सुटं नाही भेटणार. सोबत हा पॉवर सप्लाय अन् हा कॅबिनेट घ्यावा लागीन." पॉवर सप्लाय कुठल्या दर्जाचा, विचारलं तर खोक्यावरचे वॅट दाखवले. मी उठून आले. मला त्या माणसाचा राग आला आणि अजून येतो, कारण माझ्या मागे एक मुलगा वडिलांना घेऊन उभा होता, आणि त्यांनी ती जोडी घेतली. पॉवर सप्लाय हा कुणाच्या गळ्यात मारायचा भाग नाही. तो बिघडला तर एकटा जात नाही. मला कार्ड चार दिवसांनी दुसरीकडे सुटं मिळालं, बिलावर सिरीयल नंबर लिहून. सिरीयल नंबर बिलावर घ्याच, वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो.

प्रोसेसरच्या बाबतीत मी फार फिरले नाही. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी, आठ कोअर, ४६,५००. वर्गात मी याचं कारण ओटा आणि कोठीची खोली असं सांगते. स्वयंपाक करताना तिखट-मीठ ओट्यावर असलं तर हात चालत राहतो. दर वेळी कोठीत जावं लागलं तर कितीही सुगरण असली तरी उशीर होणार. साध्या ९७००एक्समध्ये हा ओटा, म्हणजे एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), ३२ एमबीचा आहे. ९८००एक्स३डीत ९६ एमबीचा. सिम्युलेटरला दर क्षणी हवामान, इतर विमानं, इमारती, यंत्रांची अवस्था असं शंभर ठिकाणचं सामान लागतं, म्हणून त्याला हा लांब ओटा फार मानवतो. आणि या पिढीत कॅशचा थर कोअरच्या खाली गेला आहे, आधीच्या ७८००एक्स३डीत तो वर होता. त्यामुळे उष्णता वरच्या कूलरपर्यंत थेट पोचते.

बाकीचे भाग पटकन सांगते. बी८५० मदरबोर्ड २१,०००, साठवणुकीसाठी २ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह १३,५००, ८५० वॅटचा गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय ११,५००, दोन टॉवरचा एअर कूलर ४,२००, लिआन लीचा लॅनकूल २१६ कॅबिनेट ८,८००. पाण्याचा कूलर घेतला नाही. पाणी असो की हवा, खोलीच्या तापमानाखाली दोन्ही जात नाहीत, आणि पंपाची काळजी मला नको होती. कॅबिनेट मात्र विचार करून घेतलं. पुढे १६० मिमीचे दोन मोठे पंखे आहेत, ते हळू फिरूनही भरपूर हवा ओढतात.

मेमरी ६४ जीबी घेतली, ३२ च्या दोन स्टिक, डीडीआर५-६०००, सीएल३०. फ्लाइट सिम्युलेटर २०२४ साठी ३२ शिफारशीत आणि ६४ आदर्श म्हणून दिली आहे. एएम५ वर, म्हणजे या प्रोसेसरच्या सॉकेटवर, चार स्टिक टाकल्या की वेग उतरतो, म्हणून दोनच. तेव्हा २०,५०० दिले. २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी ओढून घेतली, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. भाच्याच्या वर्गमित्राला तशीच जोडी घ्यायची होती, त्याला आमच्या भावाच्या तिप्पट सांगितला. आज जुळवणी करणाऱ्याला माझा सल्ला हा की ३२ जीबीवर थांबा, आणि जुन्या यंत्रातली डीडीआर५ असेल तर तीच वापरा.

सगळी बेरीज ३,२०,०००. त्यातला एक तृतीयांश हिस्सा मॉनिटरचा.

जुळवणी घरीच केली, हॉलमध्ये जमिनीवर चादर टाकून. ५०७० टीआयची वीज १२व्ही-२x६ या सोळा पिनांच्या एकाच जोडणीतून जाते. ती अर्धवट बसली तर तापते. मी टॉर्च धरून बघितलं की प्लगची कड आणि सॉकेट यांत फट उरलेली नाही, आणि वायर पहिल्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये वाकवली नाही. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पंखे फिरले, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याचा चेहरा उतरला. "आत्या, काही चुकलं का गं?" काही चुकलं नव्हतं. एएम५ पहिल्या वेळी मेमरी तपासून जुळवून घेतं आणि ६४ जीबीला त्याला वेळ लागतो. पाचव्या मिनिटाला अक्षरं आली. या पाच मिनिटांत घाबरून बटण बंद करणारे पुष्कळ असतात, म्हणून लिहिते. थांबा. त्यानंतर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो, म्हणजे मेमरी पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग, चालू करायचं, नाहीतर ६००० ची मेमरी ४८०० वरच चालते. आणि विंडोजमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन २४० हर्ट्झ निवडायचं. माझा पडदा पहिल्या दिवशी ६० वर चालत होता.

दुसऱ्या दिवशी अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला आणि मुंग्या आल्या. ही गोष्ट मी लहानपणापासून फ्रिजला, मिक्सरला अनुभवलेली, आणि घरोघरी "थोडं येतंच करंट" म्हणून सोडून दिलेली. मल्टिमीटर काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३१ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये १३८. म्हणजे आमच्या भिंतीतली अर्थिंगची तार कुठेच पोचत नव्हती. आमचं घर १९८६ चं. इलेक्ट्रिशियनला बोलावून मागच्या अंगणात नवीन खड्डा केला, कोळसा आणि मीठ घालून. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड व्होल्ट दाखवतं. तीन लाखांचं यंत्र लावण्याआधी हे मोजून घ्या, मल्टिमीटर चारशे-पाचशे रुपयांना मिळतो. वर दीड केव्हीएचा शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घेतला, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वीज झपकन जाते आणि लगेच येते.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण आली, ती कूलरची. प्रोसेसरच्या नव्हे, खिडकीतल्या डेझर्ट कूलरची. त्याची हवा ओलसर असते आणि आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. पहिल्या आठ दिवसांत कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर पांढरट थर धरला, बोटाने पुसला तर खडूच्या भुकटीसारखा. मी टेबल त्या झोतातून बाहेर काढलं. आता एप्रिल-मेमध्ये उडायचं तेव्हा एसी. आणि कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणून ठेवली. शंभरातल्या चार-पाच फ्रेम (कार्ड सेकंदाला तयार करतं ती चित्रं) गेल्या, पण कार्ड ७४ अंशांवरून ६६ वर आलं आणि पंख्यांचा आवाज बसला. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला लावलेल्या मीटरवर मॉनिटरसकट ४३० वॅटच्या आसपास दिसतात.

आता पडद्याबद्दल, कारण मला त्याविषयीच जास्त बोलायचं आहे.

रात्री साडेअकराला सोनेगावहून उत्तरेकडे निघायचं. ५०७० टीआयवर फोर-के, डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र काढून कार्डाने ते वाढवून घेणं) क्वालिटीवर, शहरावरून साधारण ६० ते ७० फ्रेम मिळतात. वर फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कार्डाने स्वतः भरणं) लावलं की सव्वाशेच्या पुढे. विमान उडवताना त्याचा त्रास होत नाही, गोळीबाराच्या खेळात मात्र मी ते लावणार नाही. काटोल रस्त्याचे दिवे मागे पडतात आणि मग खरोखर काही नसतं. काचेत फक्त डायलांचा मंद लाल उजेड. चंद्र नसेल तर क्षितिज दिसत नाही, विमान सरळ आहे की कललं आहे ते फक्त यंत्रावरून कळतं. जुन्या पडद्यावर राखाडीच्या दोन छटांमुळे क्षितिजाचा अंदाज यायचा, जो रात्रीच्या टपाल विमानांच्या वैमानिकांना कधीच येत नसणार. हे मला या पडद्याने शिकवलं.

दोषही आहेत. फ्रेमचा वेग वरखाली झाला की अंधाऱ्या भागात लुकलुक दिसते. हा दोष ओएलईडी आणि बदलत्या रिफ्रेश रेटच्या (फ्रेमच्या वेगाबरोबर बदलणाऱ्या हर्ट्झच्या) जोडीचा आहे, आणि रात्रीच्या उड्डाणात तो नेमका टोचतो. फ्रेम ६० वर बांधून ठेवल्या की जवळजवळ जातो, तेव्हा फ्रेम जनरेशन बंद करावं लागतं. दिवसा ढगात शिरलं की अख्खा पडदा पांढरा होतो आणि एचडीआरमध्ये (जास्त उजळ चित्राच्या मोडमध्ये) एकदम मंदावतो, कारण सगळे पिक्सेल एकाच वेळी पूर्ण पेटवणं पॅनलला झेपत नाही. पांढऱ्या पानावर उत्तरपत्रिकांचे गुण भरताना मॅट थराचा बारीक रवाळपणा जाणवतो. आणि १०८०पी मोडमध्ये ३२ इंचांवर अक्षरं जाड दिसतात. भाच्याला त्याचं काही नाही, तो ४८० वर खूश आहे. त्याला चारशेच्या वर फ्रेम मिळतात आणि त्यात कार्डापेक्षा प्रोसेसरचं श्रेय जास्त आहे.

डाग राहण्याची भीती मला होती, कारण कॉकपिटचे डायल तासन् तास एकाच जागी असतात. विंडोजचा टास्कबार लपवला, मागचं चित्र काळं केलं, दहा महिन्यांत अजून काही दिसत नाही. पण यात एक गोष्ट आपल्या घरांच्या सवयीशी जोडलेली आहे. चार तास वापर झाला की मॉनिटर बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये, स्वतःची पिक्सेल सफाई करतो. त्याला त्या वेळी वीज लागते. आणि आमच्याकडे झोपायच्या आधी सगळ्या खोल्यांतली भिंतीवरची बटणं बंद करायची शिस्त आहे, आईने लावलेली. पहिले तीन आठवडे ती सफाई एकदाही पुरी झाली नव्हती. आता त्या बटणावर मी निळी चिकटपट्टी लावली आहे. घेताना वॉरंटीत डाग राहण्याचा उल्लेख आहे की नाही, ते लेखी बघून घ्या.

टेबलही बदलावं लागलं. ६० सेंटिमीटर खोलीच्या टेबलावर ३२ इंच अंगावर येतो, मान फिरवावी लागते. सुताराकडून मागे २० सेंटिमीटरची फळी वाढवून घेतली. ८० वर बसलं की सगळं एका नजरेत येतं.

गेल्या आठवड्यात दिल्लीहून निघून रात्री बाराच्या सुमारास सोनेगावला उतरत होते. आई पोथी मिटून खुर्ची ओढून शेजारी बसली. धावपट्टीचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिने विचारलं, "हे दिल्लीचं ना? मग मद्रासचं अजून यायचं असेल." मी चाकं खाली सोडली.